घोडीचा रविवार

गोडदेव गावामागच्या तबेल्यात काशीनाथरावांना आपली हौसेची घोडी ठेवायची होती. महिन्याच्या दरात काय काय येते, ते तबेलेवाल्याने सांगितले: चारा, हरभऱ्याची चंदी, रोजचा खरारा, नाल आणि डॉक्टर. "फक्त लग्नसराईत रविवारी वरातीला देऊ या, शेठ. दर निम्मा करतो."

"मुळीच नाही!" काशीनाथराव कडाडले. "आठवडाभर राबणाऱ्या जिवाला एक दिवस विसावा हवाच. दर पूर्ण घ्या, पण रविवारी तिच्या पाठीवर कुणी बसता कामा नये. मीसुद्धा नाही!"

तबेलेवाल्याने हात जोडले. काशीनाथराव मोठ्या समाधानाने गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खंडू, आता रविवारी इकडे यायचं नाही. तेव्हा सकाळीच बाईसाहेबांना ठाण्याला सोड."

"सोडतो, साहेब," खंडू म्हणाला आणि मग अगदी मनापासून पुढे बोलला, "पण घोडीसाठी भांडलात, ते लई बरं केलंत. मुकं जनावर, ते बिचारं सुट्टी कसं मागणार?"

 

खंडूने तर सुट्टी मागितली होती, तीही रविवारचीच, हे आठवले आणि आरशातल्या त्याच्या नजरेला नजर देणे काशीनाथरावांना काही केल्या जमेना.