दहा पावलांचं काडतूस

“डुक्कर किती पावलांवर येणार, ते सांगा आधी.” बंदुकीच्या दुकानातल्या शेठजींनी भिंतीवरच्या अंतराच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

सटुप्पाण्णांच्या डोळ्यांपुढं डुकरानं उकरलेलं रताळ्याचं रान आलं. “दहा.”

“मग जड गोळीचं काडतूस घ्या. हलकी गोळी फांदीला लागली की भरकटते.”

अण्णांनी दोन्ही घेतली.

रविवारी डुक्कर झुडपातून उठवायला गावानं आरडाओरड करत हाकारा सुरू केला. परवाना खिशात घालून अण्णा ओढ्याकाठी उभे राहिले, रायफलीत हलकं काडतूस. समोरची करवंदीची जाळी बघून त्यांना शेठजी आठवले. बदलायला म्हणून त्यांनी हलकं काढलं आणि नेमकं तेव्हाच डुक्कर जाळीतून सुटलं, ते थेट अण्णांच्या दोन पायांमधून. पुढची वीस पावलं अख्ख्या गावानं अण्णांना डुकरावर उलट्या तोंडानं, शेपटी धरून जाताना पाहिलं.

आठ दिवसांनी शेठजींनी विचारलं, “कुठलं कामी आलं?”

“कुठलंच नाही. पण डुक्कर परत रताळ्याकडं फिरकलेलं नाही,” म्हणत अण्णांनी सगळं सांगून टाकलं.

शेठजींनी हसून हसून डोळे पुसले, पेन्सिल काढली आणि तक्त्यावर दहाच्या वर नवी ओळ लिहिली : ‘शून्य पावलं – लगाम.’