झेरॉक्सची शाल

"हात सुरेख आहे तुझा." लोकरवाल्या मावशींनी शाल उलटसुलट करून पाहिली आणि घडी घालून तिच्यापुढे सरकवली. "पण ही मी पाहिलीये गं."

पाहिलेली असणारच. तिनेही ती कुठेतरी पाहिलेलीच होती. कुठलाही नमुना एकदा नजरेखालून गेला, की तो जसाच्या तसा तिच्या क्रोशाच्या सुईवर उतरायचा. म्हणून तर मैत्रिणी तिला कौतुकाने 'झेरॉक्स' म्हणायच्या. आजवर तिलाही त्यात मजा वाटायची. आज मात्र त्या नावाचा राग आला.

"थंडी सुरू झाली की दुकानाच्या दर्शनी काचेत मी एकच शाल लावते," मावशी म्हणाल्या. "यंदा तुझी लावायचं मनात आहे. पण तुझी हवी. नकला काय, ढिगाने मिळतात."

त्या काचेला नाक लावून ती लहानपणापासून उभी राहत आली होती. त्या काचेत आपलं काम असावं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात जपली होती. आणि आता दार उघडलं, तर आत न्यायला हातात स्वतःचं काही नव्हतं.

ती हात धुऊन नमुन्यांच्या मागे लागली. खिडक्यांच्या जाळ्या पाहिल्या, झाडांची पानं पाहिली, गटाराच्या झाकणावरची नक्षीसुद्धा सोडली नाही. कोबी आडवा चिरला की आत काय सुंदर वळ्या दिसतात, म्हणून रोज एक कोबी चिरू लागली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून दमून यायचा आणि ताटात डोकावून विचारायचा, "आजही संशोधनच खायचं का?"

पण सुई हातात घेतली, की चार ओळींत कुणाचं तरी जुनं काम डोकं वर काढायचं. ते उसवायचं, पुन्हा धरायचं. त्यात पोरगं तान्हं. ती दोन ओळी विणते न विणते तोच ते घर डोक्यावर घ्यायचं. ती सगळं टाकून धावायची. परत येईपर्यंत सुईवरून सुटलेले टाके उसवलेले असायचे. मग ती पार मागे जायची आणि ओळ पहिल्यापासून मोजून विणायची. चुकलेला टाका तसाच सोडून देणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

एका दुपारी बाळाची सगळी दुपटी ओली होती. सासूबाईंनी कपाटाच्या तळातून एक जुनं लोकरीचं दुपटं ओढून काढलं आणि नातवाला त्यात गुंडाळलं. तिची नजर त्यावर पडली आणि तिथेच अडकली.

घट्ट, एकसारख्या ओळी. मध्येच, कुणी खिडकी उघडावी तशी, मोकळी जाळी. कुठे बोटभर, कुठे मूठभर. एका कोपऱ्यात नुसती दाटी, तर दुसरीकडे ओळच्या ओळ विरळ. तिने तो नमुना डोळ्यांत धरायचा प्रयत्न केला. जमेना. तो कुठे संपतो आणि पुन्हा कुठून सुरू होतो, तेच सापडेना. असं तिला कधी झालं नव्हतं.

"आई, हे तुम्ही विणलंत? सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचतंय कसलं!" सासूबाई अगदी ओशाळल्या. "लाजेने तळाशी दडवलं होतं. अगं, तुझा नवरा रडला की मी हातातलं टाकून पळायचे. परत येऊन बघावं तर टाके सुटलेले. कुठे होते, काय होते, काही आठवायचं नाही. मोजायला वेळ कुणाला होता? मग आपली साखळी घालायची भोकावरून आणि पुढे जायचं." त्यांनी मूठभर जाळीवर बोट ठेवलं. "हे दात आले तेव्हाचं. आणि ही दाटी आहे ना, तेव्हा माझी आई आली होती त्याला सांभाळायला."

तिने त्या जाळीवरून बोट फिरवलं. मग तिचा चेहरा उतरला. "आता मी असं केलं, तर तीही नक्कलच की."

सासूबाईंनी सुनेकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हिची अक्कल कुठे चरायला गेलीये.

"तो रडायचा तसा हा रडतो का?"

दुसऱ्या दिवशी तिने राखाडी लोकरीची शाल विणायला धरली. दुसऱ्याच ओळीला पोराने भोकाड पसरलं. ती उठली. त्याला घेतलं, पाजलं, खांद्यावर थोपटलं. परत आली तेव्हा टाके उसवले होते. सवयीने हात मागे जायला निघाला. तिने तो आवरला, उसवलेल्या जागेवरून साखळी घातली आणि पुढे गेली. त्या संध्याकाळी तिला उगाचच गुणगुणावंसं वाटत होतं.

शाल व्हायला महिने लागले. थंडी पडली आणि ती काचेत लागली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत. तीही रस्त्याच्या पलीकडून पोराला कडेवर घेऊन बघून यायची. तो कडेवर मुकाट बसून दिवे बघायचा, जसं काही त्याचा या प्रकरणाशी संबंधच नाही.

एकदा मावशींनी तिला आतून हाक मारली. "ये गं! काय डिझाइन आहे! मी जन्मभर लोकर विकली, पण हिचं गणित काही मला लागत नाही. सगळे विचारतायत. हुबेहूब अशीच दुसरी करून देशील? तुला काय, झेरॉक्स तू!"

तिने खांद्यावर मान टाकून पेंगुळलेल्या पोराकडे पाहिलं आणि ती हसली.

"अशीच नाही जमायची, मावशी. हा आता दुपारभर झोपायला लागलाय."