गौरीचा अर्धा तास

पडदा ओढला गेला, माणसं ओटीवर गेली आणि रंभा आतच राहिली. समईत तेल घालायचं निमित्त पुरलं. आता अर्धा तास या खोलीत कोणी पाऊल टाकणार नव्हतं. नैवेद्य दाखवून झाला होता, गौर जेवायला बसली होती. चारचौघांसमोर माहेरवाशिणीला घास उतरत नाही, म्हणून पडदा. पळस्प्याच्या या घरात सासूबाई, सोनाबाई, ही रीत घड्याळ लावून पाळायला लावत. सात पिढ्यांची आहे म्हणत.

रंभाला त्या अर्ध्या तासाची देवीहून जास्त गरज होती. गेल्या वर्षी याच दिवशी, भर पंगतीत, वड्यांची परात हातात घेऊन ती चक्कर येऊन कोसळली होती. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, पुन्हा असं झालं तर निभावेलच असं नाही म्हणाले. मग ती तीन महिने पनवेलला तळ्याकाठी कीर्तीताईंच्या योगवर्गाला गेली. सणासुदीत अवघड काही नको, ताईंनी बजावलं होतं. थोडी भ्रामरी आणि शवासन, बास. पण करणार कुठे? घरात पस्तीस पाहुणे. पलंगावर पोरं, मोरीपुढे रांग. त्यात सोनाबाईंच्या मते योग म्हणजे दिवसाढवळ्या लोळण्याला दिलेलं नवं नाव. पहाटे चारपासून वडे तळून रंभाच्या डोळ्यांपुढे तेच ओळखीचे काजवे चमकायला लागले होते.

ती मखरापुढे मांडी घालून बसली. कानांत बोटं घातली, श्वास भरला आणि भुंग्यासारखा गुंजारव सुरू केला. कान बंद, त्यामुळे आवाज केवढा होतोय याचा तिला पत्ताच नाही. बोटं काढली तेव्हा ओटीवर चिडीचूप झालं होतं. मग वेणूआत्या, सोनाबाईंची नणंद, कापऱ्या आवाजात बोलली, "गौर गुनगुनते गो!"

कोणी पडदा बाजूला केला असता तर रंभा लाजेनं मेली असती. वर्षभर गावात तेच बोललं गेलं असतं. बाहेर पावलं पडद्याकडे वळलीसुद्धा. तेवढ्यात सोनाबाईंचा आवाज आला.

"पडद्याला हात लावायचा नाय कोनी. पोटभर जेवू दे तिला."

पावलं मागे फिरली. आता उठून जायलाही वाट नव्हती, म्हणून रंभा आडवी झाली. लगेच दचकून उठली, पाय गौरीकडे झाले होते. मनातल्या मनात माफी मागत ती उलटी फिरली आणि पुन्हा पडली. फरशी गार होती. धुपाचा धूर वर जाऊन पसरत होता. आधी पाय सैल झाले, मग हात, मग कपाळ. बाहेरची कुजबुज लांब लांब गेली. मिठागरातल्या संथ पाण्यावर आपण तरंगतोय असं तिला वाटलं. वरून गौरीच्या तेरड्याची पानं हलली. गौर मखरातून खाली उतरली, नवी साडी सावरत आली, एक लांब सुस्कारा सोडून तिच्या शेजारी लवंडली. किती बरं वाटलं रंभाला! किती वर्षांत कोणी असं नुसतं शेजारी येऊन पडलं नव्हतं.

बांगडी किणकिणली आणि तिनं डोळे उघडले. शेजारी सोनाबाई पडल्या होत्या. सरळ, हात पोटावर, पाय गौरीपासून नीट वळवलेले. रंभा धडपडत उठायला लागली. सोनाबाईंनी न बघताच तिचा दंड धरून तिला खाली निजवलं.

"बाकीच्यांकडं पडदा पाच मिन्टांचा असतो," छताकडे बघत त्या हळूच म्हणाल्या. "आपल्याकडं अर्धा तास मीच केला. तुझ्यावानी सून होते तवा."