बानाबाईनं मारलेल्या पाली

“या माझ्या नव्हेत,” काचेच्या पेटीवरून नाक उचलत श्रीधरपंत म्हणाले. “माझ्या कुठं आहेत, बानाबाई?”

बानाबाईनं आ वासला तो वासलाच. साहेब येणार आणि दोन्ही पाली उचलून नेणार, या धास्तीनं ती सकाळपासून पेटीजवळून हलली नव्हती. साहेब आले. उल्कानगरीतून मुकुंदवाडीच्या बोळात मोटार घालून आले. आणि आता नाकासमोर ठेवलेलं जनावर त्यांना ओळखू येईना!

त्यांचाही काय दोष म्हणा. तीन महिन्यांपूर्वी, “जगल्या तर जगल्या,” म्हणत त्यांनीच या पाली चपलांच्या खोक्यात घालून आपल्या धुणंभांडीवालीच्या हाती दिल्या होत्या. लेपर्ड गेको त्यांचं नाव. अंगावर बिबट्याचे ठिपके. मुलानं, शंतनूनं, हौसेनं आणल्या आणि तो जर्मनीला गेला. घर सोवळ्याचं. तिथं अंडंसुद्धा उंबरठ्यावरूनच परत फिरायचं. तेव्हा पालींपुढं रोज वाटीत पनीर आणि उकडलेलं गाजर, अगदी नैवेद्यासारखं. पाली वाटीकडं बघायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. आठ महिन्यांत त्यांची शेपटं इतकी बारीक झाली, की सुईत ओवून गोधडी शिवावी.

बानाबाईची निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली. तिनं पाली तळहातावर घेतल्या, पाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, “ह्या नाय मरत. मी बघते कशा मरत्यात त्या.” मग सून योगिनीनं मोबाइलवर वाचून दाखवायचं, जनावरांच्या डॉक्टरनं सांगायचं आणि बानाबाईनं करायचं. पेटीतली वाळू गेली, कागद आला. एका कोपऱ्याला ऊब, दुसऱ्या कोपऱ्यात ओल्या फडक्याची गुहा. जुनी कात बोटांना सुतासारखी आवळून बसली होती. ती तिनं कोमट पाण्यात भिजवून कापसाच्या बोळ्यानं बोट-बोट सोडवली. कोंड्यात किडे वाढवले आणि त्यांना कॅल्शियमची पूड फासली. धाकली चार दिवसांत खाऊ लागली. थोरलीनं मात्र वीस दिवस किड्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ती खाईना म्हणून बानाबाई जेवेना. बानाबाईचं वजन चार किलोनं उतरलं, तेव्हा पालीलाच तिची दया आली असावी. एकविसाव्या दिवशी तिनं पहिला किडा मटकावला.

आता शेपटं मुळ्यासारखी टरारली होती. ठिपके तर असे उठले होते, की गल्लीतली कुत्री खिडकीखालून जाताना शेपूट पायांत घालत.

“साहेब,” बानाबाईनं हळूच विचारलं, “न्याल तर किडं घालाल का त्यांना?”

“छे छे! घरात देवघर आहे. आता फ्रीजमधलं नाही, रोज ताजं पनीर आणायचं ठरवलंय. पण तुम्ही विषय बदलू नका. शुक्रवारी शंतनू येतोय. या धष्टपुष्ट परक्या पाली दाखवून मला फसवू नका. आमच्या कुठं आहेत?”

‘ह्याच त्या, साहेब! बघा माझ्या हातचं!’ हे शब्द बानाबाईच्या दातांपर्यंत आले होते. मोठ्या कष्टानं तिनं ते गिळले. गावाकडं पाचोडच्या बाजारात आजही तिच्या नावावर लोक डोळे झाकून कोकरू राखायला देत. परक्याचं जनावर आपल्या राखणीत मेलं, तर त्याची कातडी मालकाच्या दारात नेऊन दाखवायची, ही तिच्या माणसांची रीत. तसं दारात उभं राहणं म्हणजे जित्याजागी नाक कापून घेणं. चाळीस वर्षांत बानाबाईवर ती पाळी आली नव्हती.

पेटीत थोरलीनं एक डोळा उघडला.

“मेल्या,” बानाबाई म्हणाली. “दोन्ही मेल्या, साहेब. माझ्या हातनं.”

मोटार बघून दारात बायका गोळा झाल्या होत्या. शेजारची सरूबाई पुढं सरसावली, “अगं बाने, काय बोलायलीस—”

“सरे, तू गप.”

“मग या कुणाच्या?” श्रीधरपंतांनी पेटीकडं बोट केलं.

“माझ्या.”

“आणि आमच्या मेल्या, याला पुरावा?” पंतांची पस्तीस वर्षं कचेरीत गेली होती.

बानाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काडेपेटी होती. परक्या जनावराची खूण जपून ठेवायची, ही तिची जुनी खोड. तीत जुन्या कातीचे पांढुरके तुकडे होते, बाहुलीच्या बोटांत घालावेत एवढाले. श्रीधरपंतांनी चष्मा वर सरकवून एक-एक तुकडा उजेडात धरला. मग काडेपेटी रुमालात गुंडाळली.

“आमच्याकडं निदान जिवंत तरी होत्या,” ते म्हणाले. “अकरा वर्षं तुमच्या भरवशावर घर टाकून गावाला गेलो. पण मुका जीव तुमच्या हाती द्यायला नको होता.”

अख्ख्या बोळानं ऐकलं. बानाबाईनं मान खाली घातली नाही. पदराचं टोक तेवढं मुठीत आवळलं.

मोटार वळली तशी योगिनी उसळली. “आत्या, ज्या हातानं जगवल्या त्याच हातानं मारल्या म्हणून सांगितलं? उद्या पाचोडपर्यंत बोभाटा व्हईल. चाळीस वर्षांचं नाव गेलं की तुमचं!”

“जाऊ दे,” बानाबाई म्हणाली. “नाव काय उपाशी मरत नाय. आण तो किड्यांचा डबा.”