तीनशे शब्दांतली लेक

तीनशे शब्दांत बसवायचं म्हणून विजयश्रीनं आधी गोजाबाईंच्या नवऱ्याला काढून टाकलं. मग बांधावरची बाभूळ गेली, मग दोन्ही बैल. तरी अकरा शब्द जास्तच. शेवटी तिनं लेकीचा ताप काढला. लेक नुसतीच गेली.

नवऱ्याच्या, सुजितच्या कंपनीच्या दिवाळी अंकात गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्या दिवसापासून विजयश्रीला जिना उतरायची चोरी झाली. खाली घरमालकीण गोजाबाई राहायच्या. गोष्ट त्यांची होती. विचारलं मात्र नव्हतं.

तळवड्यातली त्यांची जमीन एका कारखान्यात गेली, तेव्हा बांधावर पुरलेली तीन वर्षांची लेकही भिंतीच्या आत गेली. खंडेनवमीला मशिनींच्या पूजेसाठी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. त्या गर्दीत शिरून गोजाबाई दरवर्षी एका मशिनीच्या पायाशी बांगडी ठेवून येतात. शेंगा सोलता सोलता हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा बांगडी लाल होती, दुसऱ्यांदा हिरवी. एवढ्या दुःखात रंग कुणाच्या ध्यानात राहतो! मधेच थांबून त्या विजयश्रीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. तिला वाटायचं, म्हातारी आधार शोधतेय.

आणि आपण काय केलं? वर जाऊन, डोळे पुसायच्या आधी वही उघडली.

"सांगून टाक बाई," सुजित म्हणाला. "दुसऱ्या कुणी वाचून दाखवली तर खोली सोडावी लागेल."

रविवारी ती अंक घेऊन खाली गेली. गोजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, माझ्या हातून पाप झालंय. तुमच्या लेकीचं सगळं मी छापून आणलंय."

गोजाबाईंनी मेथी बाजूला सारली.

"वाच की मग."

"रागावणार नाही ना?"

"आदी वाच तर."

वाचताना विजयश्रीचाच आवाज दोनदा फुटला. गोजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"म्हाताऱ्याला का गं काढलंस?"

"शब्द जास्त होत होते, मावशी."

"बरं केलंस. त्यो तसाबी काय करीत नव्हता." मग म्हणाल्या, "पन ताप ठिवायचा व्हता. आन बांगडी ठिवली की गप ऱ्हायचं. म्होरं रडायचं काम ऐकणाऱ्याचं."

विजयश्रीनं त्यांचे पाय धरले. "माफ करा मावशी. तुमचं दुःख मी बाजारात मांडलं."

"दुःख?" गोजाबाईंनी अंक ओढून घेतला, गोष्टीवरच्या चित्रातल्या पोरीवरून बोट फिरवलं. "अगं, मागल्या भाडेकरणीला सांगितली तवा पोरगा व्हता. ती रडली न्हाई, म्हून तुझ्या येळंला लेक केली."