तेरवीच्या पंगतीतली इंग्रजी कविता

पंगत बसली होती. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं पानावर पडलं होतं आणि श्लोकाची वाट पाहत हात मांडीवर थांबले होते. तेवढ्यात देवराव उठून उभे राहिले.

"आज श्लोक नाही," ते म्हणाले. "सरची कविता होईल. मैत्रीवरची. इंग्रजीत आहे, रागिणी वाचते."

त्यांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला.

नत्थुजी सरांची ती तेरवी. अकोल्याच्या जुन्या शहरात सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि शाळा सुटल्यावर इंग्रजीतच कविता केल्या. सत्यावर, श्रद्धेवर, शेजाऱ्याच्या कोंबड्यावर. श्रोता एकच, सरकीच्या ढेपेचे, म्हणजे गुरांच्या पेंडीचे, दुकानदार देवराव. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ही कविता माझ्या तेरवीला वाचायची, असं वचन सरांनी त्यांच्याकडून घेतलं होतं.

सरांच्या मुलीने, रागिणीने, कागदावर नजर टाकली. अमरावतीच्या कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची. वाईट कविता तिला दुरून ओळखू यायची. पण ही नुसती वाईट नव्हती. मैत्रीवरच्या त्या कवितेत पहिल्या ओळीपासून देवरावांची हजेरी घेतलेली होती. बाबांना लोकांनी मोठा माणूस म्हणून निरोप द्यावा, एवढीच तिची इच्छा होती. इथे इंग्रजी कोणाला कळतं, या भरवशावर तिने सुरुवात केली.

पहिलं कडवं संपलं. ती श्वास घ्यायला थांबली.

"हर हर महादेव!" पंगत गरजली आणि घास उचलले गेले.

"थांबा ना बे," देवराव ओरडले. "अजून कडवे आहेत."

घास हातातच राहिले. दुसरं कडवं झालं, पुन्हा हर हर महादेव. तिसऱ्याच्या आधीच पुंजाराममामांनी बुंदी संपवली होती आणि ते निरागसपणे छताकडे पाहत होते.

शेवटी सरांच्या धाकट्या बहीण लीलाबाई वैतागल्या. "भात थंडा होऊन राहिला, माय. अर्थ तरी सांग. काय लिहिलं माह्या भावानं?"

सगळी पंगत वर पाहू लागली. कागदावर होतं ते असं : पुस्तकात जेवढे सद्गुण वाचले, त्यातला एकही माझ्या मित्रात नाही. तो वजन वाढवायला ढेप ओली करून विकतो, पत्त्यात पानं लपवतो आणि दाढ दुखली तरच त्याला देव आठवतो.

समोर देवराव, खांद्यावर टॉवेल, कीर्तनाला उभे राहावं तसे हात जोडून.

"बाबांनी लिहिलंय," रागिणी म्हणाली, "की खरा मित्र कडुनिंबाच्या सावलीसारखा असतो. तो सचोटीनं वागतो. त्याची देवावर श्रद्धा असते."

माना डोलल्या. लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"हे खोटं आहे," देवराव म्हणाले.

"काका?"

"सचोटी कुठून आली मधातच? मी ढेप ओली करून विकतो, असं लिहिलं आहे त्यानं. पत्त्याचं लिहिलं आहे. अन् दाढेत ठणका उठला की देव आठवते, ते काहून गाळलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुह्याच बापानं एकेक ओळ समजावून सांगतली मले. दुकानात बसून, गिऱ्हाइकासमोर. हप्ताभर बोललो नाही मी त्याच्यासंग."

"मग?"

"मंग त्यानं माफीची कविता आणली. ते याच्याहून खराब होती."

पुंजाराममामांना ठसका लागला. कोपऱ्यातून कोणीतरी खुदकन हसलं आणि मग पंगतीला आवरेना. लीलाबाईंचा पदर डोळ्यांवरून तोंडावर आला. रागिणीने ओठ घट्ट मिटून पाहिले. ते काही मिटलेले राहिले नाहीत.

"एवढं ऐकून घेतलं तुमी, देवरावभाऊ," लीलाबाई म्हणाल्या, "अन् तरी रोज त्याच्याचसंग काहून बसत होते?"

देवरावांनी रागिणीच्या हातून कागद घेतला. जुन्याच घड्यांवर तो नीट दुमडला.

"शिव्या देणारे गावात लय आहेत, बाई," ते म्हणाले. "यमक जुळवून देणारा हा एकच होता."