नवी पिशवी

"ही पिशवी बदलणार नसाल, तर पुढचा हिवाळा दिसायचा नाही तुम्हाला," डॉक्टर कांचन म्हणाल्या. विश्राम साळवी खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या, बोलायला फटकळ. एरवी चंडीगडात मराठी बोलणारं कुणी भेटलं की विश्रामच्या बायकोला, शालिनीला, माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. आज मात्र तिला ते मराठीही नकोसं झालं. बाईंनी सगळी फोड करून सांगितली. बॅगपाइपची कातडी पिशवी तोंडानं फुगवायची, काखेत दाबायची. फुंकणाऱ्याचा दमट श्वास त्या चामड्यात मुरतो, आतून बुरशी धरते आणि ती परत छातीत जाते.

"वाजवणं सोडा असं म्हणत नाही मी. नुसती पिशवी बदला."

"बघू," विश्राम म्हणाला.

त्याचं 'बघू' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शालिनीला पक्कं ठाऊक होतं.

फौजेच्या बँडात उभी हयात गेलेला गडी. पूर्वी स्वतः पिशवी धुऊन वाळवायचा, आळशी पोरांना शिव्या घालायचा. पण नरेंद्र गेला आणि त्याचं कशातच लक्ष राहिलं नाही. एकुलतं एक पोर, मित्रांबरोबर कालव्यावर पोहायला गेलं. कालव्यानं देहसुद्धा परत दिला नाही. तेव्हापासून विश्राम पिशवी धूत नव्हता, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. संध्याकाळी ती नुसती छातीशी धरून बसायचा आणि खोकायचा.

शालिनीला त्या वाद्याचा आधीपासूनच राग. एकाची छाती फुटतेय तेवढी बस झाली, म्हणून नरेंद्रला तिनं त्याला शिवूसुद्धा दिलं नव्हतं. "शिक, साहेब हो," एवढंच सांगायची ती त्याला.

"पोर गेलं. आता तुम्हीही चाललात का मला टाकून?" घरी आल्यावर ती कडाडली.

"मेळा होऊ दे," तो म्हणाला.

मेळा म्हणजे निवृत्त फौजी अफसरांनी भरवलेला स्कॉटिश मेळा. थेट स्कॉटलंडहून पाहुणे यायचे होते. शेवटी एकट्या विश्रामनं मेलेल्यांसाठीची शोकाची धून वाजवायची होती. त्या धुनेला सगळे उभे राहतात, टाळी कुणी वाजवत नाही, अशी त्यांची रीत.

शालिनी थांबणार थोडीच! तिनं विश्रामच्या शिष्याला, कृष्णकांतला, गाठलं. त्यानं मेरठहून नवी पिशवी मागवली. मेळ्याच्या आदल्या रात्री विश्राम इंडस्ट्रियल एरियात कारखान्याच्या पहाऱ्यावर गेला, तशी दोघांनी वाद्याची पेटी उघडली. कृष्णकांतनं नवी पिशवी बांधली, सूर लावले आणि वरून तीच जुनी चौकड्यांची खोळ चढवली.

"गुरुजी मारतील मला, काकी."

"मारू देत. जिवंत असले तर मारतील ना!"

सकाळी तिनं मागच्या अंगणात बंब पेटवला आणि जुनी पिशवी त्यात कोंबली. वास असा सुटला की शेजारची सरदारीण भिंतीवरून ओरडली, "भैणजी, की सड़ गया?"

"पीडा जळली, बहनजी," शालिनी म्हणाली. विश्राम पहाऱ्यावरून आला, बंबाच्या त्या पाण्यानं न्हाला आणि पोशाख चढवून पुढं गेला. पेटी तिनंच मागून नेली आणि ऐन वेळेला हातात दिली.

मैदानावर गोऱ्या मुली तलवारींवरून उड्या मारत नाचून गेल्या. पाठोपाठ भांगड्याची पोरं धुरळा उडवून गेली. मग शांत झालं आणि विश्राम पुढं आला.

त्यानं पिशवी काखेत घेतली आणि तो थबकला. बोटांनी खोळ चाचपली. वळून शालिनीकडे बघितलं. आता भडकतो की काय सगळ्यांदेखत!

पण त्यानं डोळे मिटले आणि फुंकलं. असं वाजवलं, असं वाजवलं, की म्हातारे अफसर उघडपणे रडले. गोऱ्या बायका रुमाल शोधू लागल्या. मध्ये एकदाही खोकला नाही. शालिनीही रडत होती, पण आनंदानं. वाचला ग बाई, नवरा वाचला माझा!

तंबूमागं ती धावत गेली. "बघितलंत? छाती कशी मोकळी झाली! रागावा आता हवं तेवढं."

तो रागावला नाही. हळूच म्हणाला, "जुनी कुठं ठेवलीस?"

"ठेवायची कशाला? बंबात घातली. त्याच पाण्यानं न्हालात की तुम्ही!"

विश्राम पेटीवर खाली बसला.

"तू रोज सकाळी दुधाला जायचीस ना, शालिनी," तो म्हणाला, "तेव्हा मी नरूला शिकवायचो. तुला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं आमचं. कालव्यावर गेला त्या दिवशीही वाजवून गेला. पोराचा श्वास होता ग तिच्यात."